हेडलाइटमधली ओल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही अंकांपासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत आहे. हेडलाइटच्या काचेला आतून घाम येतो किंवा दिव्याच्या तळाशी पाणी साचते, आणि त्यावर जो तो निराळा उपाय सांगतो. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न मांडले आहेत.

प्रश्न : माझ्या चारचाकीच्या उजव्या हेडलाइटला रोज सकाळी आतून बाष्प धरलेले दिसते. दुपारपर्यंत ते निघून जाते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. दिवा मागून-पुढून सिलिकॉन लावून पूर्ण बंद करून घ्यावा, असे मेकॅनिकने सुचवले आहे. तसे करावे का?

उत्तर : कृपया तसे करू नका. या तक्रारीवर सर्रास दिला जाणारा सल्ला हाच आहे आणि दिव्याचे सर्वांत जास्त नुकसानही त्यानेच होते. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आजच्या वाहनांचा हेडलाइट हवाबंद नसतो आणि तो तसा असू नये, हे त्याची रचना करतानाच ठरवलेले असते. दिवा लागला की आतली हवा तापून प्रसरण पावते आणि विझला की ती थंड होऊन आकसते. २० अंश सेल्सिअसची हवा ७० अंशांपर्यंत तापली तर तिचे आकारमान सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. तिला बाहेर पडायला वाटच ठेवली नाही, तर ही वाढ दाबाच्या रूपाने काचेवर आणि सांध्यांवर येते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७० ग्रॅम वजनाइतका भरतो, म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटरच्या काचेवर तो १०० किलोंच्याही थोडा वर जातो. रोज दोन-चार वेळा असा ताण सोसून कोणताही चिकटवलेला सांधा फार काळ टिकणार नाही. दिवा विझल्यावर याच्या उलट घडते. आतला दाब कमी होतो आणि सांध्यातली जी जागा सर्वांत कमकुवत असेल, तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या जागी त्या वेळी पाणी असेल तर पाणीच ओढले जाते. पूर्ण बंद केलेल्या दिव्यात काही आठवड्यांनी बाष्पाऐवजी थेट पाणी दिसू लागते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

हे टाळण्यासाठी दिव्याच्या पाठीमागे हवा जाण्यायेण्याची वाट मुद्दाम ठेवलेली असते. मेकॅनिक तिला ब्रीदर म्हणतात. काही दिव्यांत ती काटकोनात वळलेली रबरी नळी असते, काहींत वळणावळणाची प्लास्टिकची वाट असते आणि बऱ्याच नव्या दिव्यांत पाठीवर नाण्याएवढी किंवा त्याहून लहान चकती चिकटवलेली असते. पीटीएफई नावाचे प्लास्टिक ताणून सच्छिद्र केलेला पडदा या चकतीत असतो. त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून हवा आणि बाष्प जाते, पण पाण्याचा थेंब जात नाही. ब्रीदर साधारणपणे एकाहून अधिक असतात आणि ते वेगवेगळ्या उंचीवर बसवलेले असतात, म्हणजे तापलेली हवा वरून बाहेर पडते आणि खालून नवी हवा येते. तुमच्या मेकॅनिकच्या सिलिकॉनने पहिल्यांदा बंद होतील ते हेच.

आता बाष्पाचा प्रश्न. हवेबरोबर थोडी ओल आत येणारच. ३० अंशांची पूर्ण दमट हवा दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी बाष्परूपात धरून ठेवते, तर १५ अंशांची हवा जेमतेम १३ ग्रॅम धरते. तुमच्या दिव्यात दहा लिटर मोकळी जागा आहे असे मानले, तर रात्री तापमान इतके उतरल्यावर आतल्या हवेतून बाहेर पडणारे पाणी एक ग्रॅमच्या पाचव्या भागाहूनही कमी, म्हणजे तीन-चार थेंब भरते. काचेवर पातळ पसरले की दिवा धूसर दिसायला एवढे पाणी पुरते. पण त्याने तळाशी डबके साचत नाही. हा हिशेब लक्षात ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण हवेतून आलेले बाष्प आणि फटीतून शिरलेले पाणी यांतला फरक त्यावरूनच कळतो.

बाष्पाची जागाही काही सांगते. ते बल्बपासून सर्वांत दूर, काचेच्या खालच्या किंवा बाजूच्या कोपऱ्यात धरते, कारण काच तिथे सर्वांत थंड असते. दिवा लावून गाडी चालवल्यावर अर्ध्या-एक तासात ते कडेने विरत गेले आणि दोन्ही दिव्यांत सारखेच दिसत असेल, तर काहीही करण्याची गरज नाही. असे तात्पुरते बाष्प नैसर्गिक असते, हे अनेक वाहनांच्या माहितीपुस्तिकांतही लिहिलेले असते.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बाष्प फक्त उजव्या दिव्यात धरते. दोन्ही दिवे एकाच हवेत, एकाच थंडीत उभे असताना एकच धुरकटत असेल, तर त्याचा ब्रीदर बुजला आहे किंवा त्याच्या मागचे झाकण नीट बसलेले नाही, असे समजून तपास सुरू करावा. बॉनेट उघडून दिव्याच्या पाठीमागची टोपी हाताने चाचपून पाहा. मागच्या वेळी बल्ब बदलताना टोपीची कडा दुमडली गेली असेल, तिचे रबरी कडे खाचेतून निसटले असेल किंवा ब्रीदरची नळी निघून इंजिनच्या कप्प्यात पडली असेल. हे तिन्ही प्रकार नेहमी घडतात. नळी जागेवर असेल तर तिच्यात चिखल किंवा कोळ्याचे जाळे अडकले आहे का ते पाहा. नळी काढून धुता येते. चकतीच्या पडद्याला मात्र टाचणी लावू नका, त्यावर कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, कारण एकदा फाटलेला पडदा पाणी अडवत नाही. त्यावर तेल, मेण किंवा धूळ बसून तो बुजला असेल तर चकती बदलणे हाच योग्य मार्ग आहे. माझ्या अंदाजाने तुमची तक्रार इथेच मिटेल.

प्रश्न : माझ्या गाडीत बाष्प नव्हे, पाणीच साचते. जोरदार पावसानंतर डाव्या हेडलाइटच्या तळाशी बोटाच्या पेराएवढे पाणी हेलकावताना दिसते. काचेला कुठेही तडा दिसत नाही. पाणी कुठून येते, हे घरच्या घरी शोधता येईल का?

उत्तर : येईल, आणि ते शोधल्याशिवाय कोणताही उपाय करू नये. वरच्या हिशेबाप्रमाणे इतके पाणी हवेतून एका रात्रीत येऊ शकत नाही. त्यासाठी एकतर फट असायला हवी, किंवा ब्रीदर बंद पडून दिवसेंदिवस थोडी थोडी ओल साठत गेलेली असायला हवी. तुमच्याकडे पावसाशी थेट संबंध दिसतो, म्हणून फटीचाच संशय घ्यावा.

पहिल्यांदा दिवा गाडीवर असतानाच निरीक्षण करा. दिवा बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि मग मदतनिसाच्या हातून साध्या नळीने, दाब न देता, एका वेळी एकाच भागावर पाणी सोडा : आधी काच आणि काळ्या प्लास्टिकच्या डब्याचा वरचा सांधा, मग बाजूचा, मग बॉनेटच्या कडेवरून ओघळून दिव्याच्या पाठीवर येणारी धार. प्रत्येक भागाला काही मिनिटे द्या आणि आत बॅटरीचा प्रकाश टाकून ओघळ कुठे उमटतो ते पाहा. ओल जिथे साचलेली दिसते तिथूनच पाणी शिरते असे नाही, कारण ते आतून उतरून तळाशी येते. म्हणून नजर वरच्या कडांवर ठेवावी.

यातून उलगडा झाला नाही, तर दिवा काढून साबणाच्या पाण्याची परीक्षा करावी लागेल. बॅटरीची ऋण तार सोडवा, कपलर (दिव्याच्या वायरींचा जोड) काढा, दिवा बाहेर घ्या, बल्ब काढून त्याच्या जागा आणि मागची झाकणे चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक सोडून बाकी ब्रीदरही तात्पुरते झाका आणि उरलेल्या ब्रीदरला नळी जोडून तोंडाने हलकेच फुंका. सगळ्या सांध्यावर ब्रशने साबणाचे पाणी लावलेले असले की गळतीच्या जागी बुडबुडे उठतात. कॉम्प्रेसर इथे चुकूनही वापरू नका. जो सांधा आपण तपासतो आहोत तोच त्या दाबाने उघडू शकतो. परीक्षा झाल्यावर ब्रीदरवरची चिकटपट्टी आठवणीने काढा.

गळतीच्या जागा फार नसतात. काच आणि डबा जोडणारा सांधा हा पहिला संशयित असतो, विशेषतः गाडीला पुढून हलका धक्का बसला असेल तर. बंपरवर ओरखडासुद्धा नसताना सांध्याला केसाएवढी फट पडलेली आढळते. दिवा बॉडीला बांधणारे प्लास्टिकचे कान तुटले की डबा पिळवटतो आणि तिथेही फट पडते. बल्बच्या बुडाशी असलेले रबरी कडे कडक झालेले असते. झोत वर-खाली करणाऱ्या मोटरच्या किंवा स्क्रूच्या जागेचे सीलही झिजते. एक जागा मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे वायर. वायरचे वेष्टन कुठे सोलले गेले असेल, तर आतल्या बारीक तारांच्या फटींतून पाणी केशाकर्षणाने सरकत सरकत दिव्यात पोहोचते. कपलर उघडल्यावर तांब्यावर हिरवट थर दिसला तर हा संशय धरावा.

वाहन वॉरंटीत असेल तर दिवा उघडू नका, सांध्याला काहीही लावू नका. साचलेल्या पाण्याचे तारीख दिसेल असे फोटो काढून सर्व्हिस सेंटरला दाखवा. सांध्यावर स्वतः लावलेला एखादा ठिपकाही दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो.

प्रश्न : सांध्याला फट आहे हे कळले, तर ती कशाने बुजवावी? बाजारातले कोणतेही सिलिकॉन चालते का?

उत्तर : कोणतेही चालत नाही. यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण वाफेची आहे. स्वस्त आणि सहज मिळणारे बरेच सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते. बंद दिव्यात ही वाफ कोंडली की रिफ्लेक्टरवरचा (प्रकाश पुढे फेकणाऱ्या आतल्या चकचकीत भागावरचा) ॲल्युमिनियमचा मुलामा आणि विजेचे संपर्क खराब होतात. म्हणून सिलिकॉन वापरायचेच असेल तर त्यावर ‘न्यूट्रल क्युअर’ असे लिहिलेले आहे याची खात्री करावी, ते बाहेरून लावावे आणि पूर्ण वाळेपर्यंत मागची झाकणे उघडी ठेवावीत. दुसरी अडचण चिकटण्याची आहे. दिव्याचा काळा डबा बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो आणि या प्लास्टिकला सिलिकॉन नीट धरत नाही. काही महिन्यांनी त्याची पट्टी सोलून निघते. शिवाय सिलिकॉनचा अंश मागे राहिलेल्या जागी नंतर दुसरा कोणताही पदार्थ धड चिकटत नाही.

बऱ्याच निर्मात्यांनी मूळ सांध्यात ब्यूटाइल रबर वापरलेले असते. ते कायम थोडे मऊ आणि चिकट राहते, त्यामुळे थंडी-उष्णतेच्या फेऱ्यांत फाटत नाही. सांधा फार बिघडला नसेल तर त्या भागाला हॉट एअर गनने दुरून सौम्य उष्णता देऊन, काच आणि डबा एकमेकांवर दाबून, थंड होईपर्यंत शिकंज्यात धरून ठेवले की जुने ब्यूटाइलच पुन्हा जागा धरते. नवे घालायचे असेल तर हेडलाइटसाठी मिळणारी ब्यूटाइलची दोरी घ्यावी, जुना थर खरवडून खाच कोरडी करावी आणि दोरी सलग, जोड कमीत कमी येतील अशी बसवावी.

काच पूर्ण उघडण्याचे काम मात्र अनुभवी माणसाकडेच द्यावे असे माझे मत आहे. ब्यूटाइल उष्णतेने सैल होते हे खरे, पण काही दिवे पॉलियुरेथेनसारख्या कायम कडक होणाऱ्या पदार्थाने जोडलेले असतात. ते तापवूनही सुटत नाहीत आणि जोर लावला की काच किंवा डबा तडकतो. दिवा उघडलाच तर रिफ्लेक्टरला बोट किंवा कापड लावू नका. त्यावरचा धातूचा थर इतका पातळ असतो की मऊ कापडानेही त्यावर कायमच्या रेघा उठतात, आणि त्या रेघा रात्री रस्त्यावर पडणाऱ्या उजेडातून वजा होतात. आतल्या बाजूने काच पुसण्याचा मोहही आवरा. बऱ्याच दिव्यांत काचेच्या आतून बाष्परोधक लेप असतो आणि तो पाण्याने किंवा अल्कोहोलने निघून जातो. मग आधी एकसारखे पसरणारे बाष्प थेंबाथेंबाने आणि ओघळांनी जमू लागते.

प्रश्न : आत साचलेले पाणी आणि ओल काढण्याचा सुरक्षित मार्ग कोणता? हेअर ड्रायर, सिलिका जेलच्या पुड्या आणि तळाला छोटे भोक पाडणे असे तीन उपाय ऐकले आहेत.

उत्तर : तिसरा उपाय आधीच बाद करू या. तळाला पाडलेल्या भोकातून पाणी बाहेर जाते हे खरे, पण त्याच भोकातून चाकाने उडवलेले पाणी, धूळ आणि किडे आत येतात. काही महिन्यांत रिफ्लेक्टर मळून दिवा निरुपयोगी होतो आणि मूळ फट तशीच राहते.

सुकवण्यासाठी दिवा काढून घेणे सर्वांत चांगले. बल्ब आणि मागची झाकणे काढा, दिवा कलता करून साचलेले पाणी बल्बच्या जागेतून ओता आणि तो उबदार, कोरड्या, धूळ नसलेल्या खोलीत उघडाच ठेवा. घाई नसेल तर एक-दोन दिवसांत तो आपोआप कोरडा होतो आणि हाच मार्ग मला सर्वांत पसंत आहे. घाई असेल तर हेअर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून, एका उघड्या जागेतून हवा आत जाईल आणि दुसऱ्या जागेतून बाहेर पडेल असा धरा. एकच भोक उघडे असेल तर दमट हवा आतच फिरत राहते. काचेवर बाहेरून जास्त उष्णता मारू नका. आजच्या दिव्यांची ही ‘काच’ बहुधा पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची असते. ते उष्णता बऱ्यापैकी सोसते, पण त्यावरचा संरक्षक लेप आणि आतले प्लास्टिकचे बारीक भाग तितके सोशीक नसतात.

हॅलोजन बल्ब परत बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलकट डागापाशी काच वेगळ्या प्रमाणात तापते आणि बल्ब लवकर जातो. बोट लागलेच तर अल्कोहोलने पुसून घ्या. तुमचे दिवे झेनॉनचे असतील तर मात्र स्वतः हात घालू नका. ते पेटवताना २० हजार व्होल्टच्या आसपासचा दाब निर्माण होतो आणि ओल असलेल्या दिव्यात हा धोका अधिकच वाढतो.

सिलिका जेलविषयी गैरसमज फार आहेत. ते खरोखर ओल शोषते, दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहूनही अधिक, आणि काही निर्माते स्वतःच दिव्याच्या मागच्या झाकणात अशी पुडी बसवून देतात. पण दिवा सतत बाहेरची हवा घेत असल्याने ती पुडी कधी ना कधी भरतेच, आणि भरलेली पुडी दिवा तापला की तीच ओल पुन्हा आतल्या हवेत सोडते. म्हणून फट बुजवल्यावर आणि दिवा सुकवल्यावर उरलेली ओल टिपण्यापुरती तिची मदत घ्यावी, आणि ठरावीक काळाने ती बदलावी. पुडी बल्बला टेकणार नाही, प्रकाशाच्या वाटेत येणार नाही आणि फाटून दाणे आत सांडणार नाहीत अशीच बसवावी. रंग बदलणाऱ्या निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्याला घातक आहे. नारिंगी दाणे घेतलेले बरे.

प्रश्न : हॅलोजन बल्ब काढून त्या जागी एलईडी बल्ब बसवल्यापासून दोन्ही दिव्यांत बाष्प दिसू लागले. एलईडी तर कमी तापतात, मग असे का व्हावे?

उत्तर : कमी तापतात म्हणूनच असे होते. ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब घेतलेल्या विजेतला बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने पुढे फेकतो. ती उष्णता काचेवर पडते आणि बाष्प उडवते. दिवा सुकवण्याचे काम तो बल्ब तुमच्या नकळत करत होता. एलईडी वीज कमी घेतो, त्याच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळपास नसतात आणि त्याची उष्णता मागच्या धातूच्या पंख्यांकडे जाते. त्यामुळे काच थंडच राहते. मुळातच एलईडीसाठी बनवलेल्या दिव्यांत हे लक्षात घेऊन ब्रीदर मोठे ठेवलेले असतात किंवा उष्णता शोषक भागावरची गरम हवा काचेकडे वळवलेली असते. हॅलोजनसाठी घडवलेल्या डब्यात तशी सोय नसते.

तुमच्याकडे दुसरे कारणही असू शकते. अशा बल्बचा मागचा पंखा लांब असल्याने मूळ टोपी बसत नाही, मग ती कापली जाते किंवा काढूनच टाकली जाते. टोपी काढली असेल तर आधी ती परत आणा, आणि बल्ब तिच्यात मावत नसेल तर तो बल्ब त्या दिव्यासाठी नाही असे समजा. मूळ हॅलोजन परत बसवणे हाच माझा सल्ला आहे. दुसऱ्या जातीच्या बल्बने झोताची आखणीही बिघडते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

प्रश्न : माझ्या दिव्याची काच आतून धुरकट आहे, पण दिवा तासभर लावूनही काहीच फरक पडत नाही. हे बाष्पच आहे का?

उत्तर : बहुधा नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूला पाणी लावून पाहा. ओली असेपर्यंत काच स्वच्छ दिसली आणि सुकल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर बिघाड बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी संरक्षक लेप संपून पॉलिकार्बोनेट खडबडीत आणि पिवळट झालेले असते, आणि ते घासून, चकाकी आणून, नवा लेप देऊन सुधारता येते. पाणी लावूनही काही बदलले नाही, तर आतून बसलेला पातळ पांढरट थर असू शकतो. दिव्यातले प्लास्टिक, रंग किंवा नंतर वापरलेला एखादा चिकट पदार्थ तापल्यावर जी वाफ सोडतो, ती थंड काचेवर असा थर धरते. तिरप्या प्रकाशात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसत असतील तर त्या प्लास्टिकमधल्या सूक्ष्म भेगा आहेत, आणि त्यांवर काच किंवा पूर्ण दिवा बदलण्यावाचून उपाय नाही. सुकवण्याच्या खटाटोपाचा इथे काही उपयोग होणार नाही.

प्रश्न : पूर्वीच्या गाड्यांच्या गोल दिव्यांत असे बाष्प कधी दिसत नसे. मग नव्या दिव्यांचा दर्जा घसरला, असे म्हणावे का?

उत्तर : तुम्ही म्हणता ते दिवे बहुधा सील्ड-बीम जातीचे असावेत. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलांपासून ते रूढ झाले. त्यांत काच, रिफ्लेक्टर आणि तार मिळून एकच बंद एकक असे, आणि तार तुटली की पूर्ण दिवाच बदलावा लागे. आत बाहेरची हवा जातच नसल्याने बाष्पाचा प्रश्नच नव्हता. बदलता येणाऱ्या बल्बचे दिवे युरोपात आधीपासून होते, अमेरिकेने त्यांना १९८३ मध्ये परवानगी दिली. बल्ब काढता यावा म्हणून दिव्याला तोंड ठेवावे लागते आणि वजन कमी करण्यासाठी काचेऐवजी पॉलिकार्बोनेट आले. ते स्वतःही थोडी ओल शोषते. त्यामुळे हा दर्जाचा प्रश्न नाही, रचनेचा आहे.

प्रश्न : दुचाकी प्रेशर वॉशरने धुतल्यावर दर वेळी हेडलाइटमध्ये आणि मीटरच्या काचेआड पाणी दिसते. काय काळजी घ्यावी? आणि दिव्यात पाणी असताना रात्री चालवणे धोक्याचे आहे का?

उत्तर : वेगाची धार जवळून मारली की जे सील पावसाला पुरते ते या दाबाला पुरत नाही. दिवा, मीटर आणि स्विच यांच्या सांध्यांवर धार कधीही रोखू नका. ते भाग ओल्या फडक्याने पुसावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नुकत्याच चालवलेल्या गाडीचा दिवा गरम असताना त्यावर थंड पाणी टाकू नका. आतली हवा झटकन आकसते आणि सांध्यावरचे पाणी ओढून घेते. गाडी थंड होऊ द्या, मग धुवा, आणि धुतल्यावर दिवा लावून थोडी चालवा. मीटरच्या मागच्या बाजूलाही बहुतेक वेळा ब्रीदर असतो; तो तपासण्याची पद्धत हेडलाइटसारखीच आहे.

रात्रीच्या धोक्याविषयी बोलायचे तर कोपऱ्यातल्या पुसट बाष्पाने फारसे बिघडत नाही. काचेवर थेंब जमलेले असतील तर मात्र प्रकाश विखुरतो, लो बीमची वरची कड पुसट होते, आपल्या पुढचा रस्ता अंधारतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत चमक जाते. पाणी बल्बपर्यंत किंवा एलईडीच्या सर्किटपर्यंत पोहोचले तर दिवा अचानक बंद पडू शकतो. थेंब दिसत असतील तर दिवा सुकेपर्यंत रात्रीचा प्रवास टाळावा.

शेवटी सर्वच पत्रलेखकांना एक सूचना. दिवा कोणत्याही कारणाने काढून परत बसवला असेल, तर सपाट जागेवर गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोतांची उंची सारखी आहे का, हे त्याच संध्याकाळी पाहा. बसवताना डबा काही मिलिमीटर जरी कलला, तरी दूरवर झोत बराच सरकतो. तो स्क्रूने जागेवर आणून मगच गाडी रस्त्यावर काढा.